बिरूमामांची राखण

बिरूमामांना झोपलेलं मी एकदाच पाहिलं. कारेगावात आम्ही त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. पहाटे फर्स्ट शिफ्टची बस पकडायला निघावं तर मामा कठड्याशी उभे. सेकंड शिफ्टची माणसं परतायची तेव्हा मामा जिन्याच्या पायरीवर. दुपारी जेवणं होऊन अख्खी चाळ आडवी व्हायची, तेव्हाही हा माणूस काठीवर हनुवटी टेकून उघड्या डोळ्यांनी बसलेला. "मामा, तुम्ही झोपता तरी कधी?" असं मी एकदा विचारलं होतं.

"मेंढराच्या मागं दोघांनी झोप वाटून घ्यावी लागती, ताई," ते म्हणाले. "माझा वाटा बायकूच घ्यायची." मग म्हणाले, "आता ती न्हाई. दोघांचाबी वाटा माझ्याकडंच पडून हाय. पन घ्यायची सवय मोडली."

असा हा न झोपणारा माणूस आमच्या चाळीतल्या झाडून साऱ्या लहान पोरांना झोपवायचा. मामांची आठवण निघाली की मला आजही आधी घोंगडीचा वास येतो आणि पाठोपाठ जांभई. यात अनादर मुळीच नाही. मामांना हे कळलं असतं तर ते खूश झाले असते.

कारेगाव म्हणजे एका अंगाला कंपन्या आणि दुसऱ्या अंगाला त्या कंपन्यांत जाणाऱ्यांच्या खोल्या. आमची चाळ कधीकाळी बाजरीचं वावर होती. मालकांनी वावरात दोन मजले उठवले, पुढं लांब गॅलरी काढली, मधल्या अंगणातला लिंब तेवढा दयेनं ठेवला. भाडेकरू लातूरचे, बीडचे, बिहारचे. कुणाची फर्स्ट, कुणाची सेकंड, कुणाची नाईट. त्यामुळे कुठल्याही वेळी चाळीत कुणीतरी जेवत असायचं, कुणीतरी आंघोळ करत असायचं आणि कुणाचा तरी कुकर शिट्ट्या मारत असायचा. या सगळ्यात दीड-दोन वर्षांच्या पोरांनी झोपायचं कधी, हे कुठल्याच शिफ्टमध्ये बसत नव्हतं. पोरं आपली अर्ध्या रात्रीपर्यंत लालभडक डोळ्यांनी नाचत राहायची आणि सकाळी आया डोळे चोळत बसमध्ये चढायच्या. मीही त्यातलीच एक. कंपनीत क्वालिटी बघायचे. घरी कशालाच क्वालिटी नव्हती.

मामा मूळचे केंदूरचे. वडलांपासून घरची मेंढरं होती. बायको गेली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मेंढरं विकून ते मुलाकडं आले. मुलगा भाऊसाहेब आणि सून वैशाली, दोघंही कंपनीत. त्यांचा शंभू तेव्हा दोन वर्षांचा. त्याला सांभाळायला मामा. वैशाली रिवाजाप्रमाणं सासऱ्यांना मामा म्हणायची, ते ऐकून चाळीनंही त्यांना मामा करून टाकलं. शंभू एकटा आबा म्हणायचा. उंच, वाळका माणूस. खाली धोतर आणि वर मुलाच्या कंपनीचा जुना निळा टी-शर्ट, त्यावरची अक्षरं धुऊन धुऊन गेलेली. खांद्यावर घोंगडी उन्हाळ्यातही असायचीच.

आमची पहिली भेट काही फार गोड नव्हती. माझी ओवी दीड वर्षाची होती. दिवेलागण झाली की तिचा गोंधळ सुरू व्हायचा. त्या दिवशी नवरा तिला हवेत उडवत होता, मी मोबाइलवर गाणं लावून समोर नाचवत होते, डोक्यावर ट्यूबलाइट रणरणत होती आणि पोर किंचाळत होती. दारात मामा उभे. काही न विचारता त्यांनी हात आत घातला, बटण बंद केलं आणि आमच्या उंबऱ्यावर आमच्याकडं पाठ करून बसले.

मला संताप आला. अंधारात मी म्हटलं, "मामा, ती घाबरेल ना."

"तुमी हायसा की जवळ," ते वळून न बघता म्हणाले. "तिच्याकडं बघू नका. मेंढराकडं टक लावून बसलं तर ते बसतच न्हाई. त्याला वाटतं, आजून कायतरी हुयाचंय."

आता इथं ओवी गाढ झोपली असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. ती बराच वेळ रडली. मामा पाठ करून बसून राहिले. आम्हा नवराबायकोला काही सुचेना, म्हणून आम्हीही पाठ करून बसलो. रडणं हळूहळू कुरकुरीवर आलं, मग तिनं माझ्या ओढणीचं टोक चघळायला घेतलं. झोपली ती रोजच्याच वेळेला. पण उठून जाताना मामा म्हणाले, "झोप पाव्हणी हाय, ताई. हाका मारून येत न्हाई. दार उगडं ठिवायचं आन् गप बसायचं." हे वाक्य पुढं मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या नवऱ्यानं त्याची नक्कल बसवली होती.

दार उघडं ठेवायचं म्हणजे काय, ते रोज संध्याकाळी दिसायचं. सूर्य कंपनीच्या पत्र्यांमागं गेला की मामा आधी जिन्याच्या तोंडाला वाघर बांधायचे. वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावतात ती दोरीची जाळी. मेंढरं विकली तरी तिचा एक तुकडा त्यांनी जपून आणला होता. पोरं जिन्यावरून पडू नयेत म्हणून, असं ते सांगत. पण जाळी बांधली गेली की पोरांनाही कळायचं, दिवस आता बंद झाला. मग मामा गॅलरीतून हळू चालत जायचे आणि एकेका दाराशी एकच शब्द टाकायचे: "बारीक." टीव्हीचा आवाज बारीक, दिवा बारीक, बोलणंही बारीक. कुणी ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगत नसत, तिथंच उभे राहत. माणूस ओशाळून टीव्ही बंद करायचा. गंमत म्हणजे स्वतः मामांना मोबाइलवर कुस्त्या बघायचा भारी नाद. पोरांसमोर मोबाइल काढायचा नाही हा त्यांचाच नियम, म्हणून ते गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं जाऊन कुस्त्या बघायचे. एखादा मल्ल चीतपट झाला की टाकीमागून हुंकार ऐकू यायचा. आम्ही ऐकलंच नाही असं दाखवायचो.

सगळंच त्यांचं बरोबर असायचं असंही नाही. संध्याकाळी केळं दिलं की पोराला सर्दी होतेच, यावर ते अडून बसायचे. मी केळं द्यायची, ते मान फिरवायचे. हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

शेवटच्या खोलीत सुनीता राहायची, बिहारची. तिचा गोलू शंभूएवढाच. रडला की ती त्याला दूध पाजायची, पुन्हा रडला की पुन्हा दूध. मामांना हिंदी येत नव्हतं, पण त्यानं त्यांचं कधी अडलं नाही. "भूक नहीं हाय उसकू," ते तिला म्हणाले. "उसकू दिन भर का समदा याद आता हाय. थोडा पाठ पे हात फिराव. जोर से नहीं. मेंढी कू फिराते वैसा." सुनीता म्हणाली, "मामा, मेंढी हमने कभी पाली नहीं." मामांनी थोडा विचार केला आणि आपली घोंगडी तिच्यापुढं धरली. "इस पे शीक." त्या संध्याकाळी ती अंगणात बसून घोंगडीवर हात फिरवत होती आणि मामा तिला हळू, अजून हळू असं सांगत होते. गोलू शेजारी बसून बघत होता आणि बघता बघता घोंगडीवरच आडवा झाला.

निवडणुकीच्या दिवसांतली गोष्ट तर चाळीत अजून सांगत असतील. प्रचाराची जीप ऐन दिवेलागणीला भोंगा लावून लिंबाखाली येऊन थांबली. मामा काठी टेकत गेले आणि जीपच्या नाकासमोर उभे राहिले. पुढाऱ्यानं खाली उतरून नमस्कार केला. "मामा, तुमच्या चाळीत मतं किती?"

"मोप हायती," मामा म्हणाले. "आत्ता निजायला लागलीत. मोठी झाली की मतं देतील आन् कुनी झोपमोड केली ते ध्यानात ठिवतील." पुढारी हसला. भोंगा बंद झाला. पुढं प्रत्येक पक्षाची जीप आमच्या वळणावर मुकी व्हायची.

हे सगळं चाललं होतं तेव्हा एक गोष्ट मामांनी ठाम बजावून ठेवली होती. झोपवताना बिबट्याचं नाव काढायचं नाही. आमच्याकडं बिबट्या ही काही गोष्टीतली वस्तू नव्हे. शिरूर काय, दौंड काय, जिथं ऊस तिथं बिबट्या. कुठं कुत्रं गेलं, कुठं शेळी गेली, रोज मोबाइलवर फिरायचं. त्यामुळे पूर्वी बागुलबुवा जे काम करायचा ते आता खरा बिबट्या करायला लागला होता. "झोप, न्हाईतर बिबट्या येईल" असं म्हटलं की पोर डोळे घट्ट मिटून गप्प व्हायचं. सगळ्या आया म्हणायच्या. मीही म्हटलं होतं. एका संध्याकाळी ते मामांच्या कानावर पडलं आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना लिंबाखाली बोलावून घेतलं. त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला.

"भ्यालेलं कोकरू डोळं मिटतं," ते म्हणाले. "ती झोप न्हवं. आतून ते जागंच असतं. तुमास्नी गप पोर पायजे का निजल्यालं पोर पायजे, ते ठरवा." त्या दिवसापासून आमच्या चाळीत संध्याकाळनंतर बिबट्या हद्दपार झाला.

आणि मग नेमकं मामांच्याच तोंडून ते नाव गेलं.

थंडी नुकती पडायला लागली होती. मामा शंभूला घेऊन केंदूरला धाकट्या भावाकडं गेले होते. तिथंही आता पाणी पोचलंय, बांधाला ऊस उभा आहे. दिवस मावळताना शंभू एका करडामागं पळत सुटला, थेट उसाच्या दिशेनं. अडीच वर्षांचं पोर, मामांच्या गुडघ्यांना ते गाठणं शक्य नव्हतं. मामा सगळा जीव एकवटून ओरडले, "बिबट्या!" पोर जागच्या जागी खाली बसलं. उसात काहीही नव्हतं.

परत आल्यावर मामा माझ्या उंबऱ्यावर येऊन बसले, नेहमीसारखी पाठ करून. "त्या घडीला पोर थांबलं," ते म्हणाले. "पन बिबट्या उसात न्हवताच, ताई. मीच त्यो पोराच्या आत सोडला."

शंभूची झोप गेली. पापणी खाली आली की दचकून उठायचा, दारामागं बघायला लावायचा, कॉटखाली बघायला लावायचा, मग रडायचा. भाऊसाहेब चिडचिडा झाला. वैशालीला मशीनवर डुलकी लागली आणि बोट थोडक्यात वाचलं. ते ऐकून खुटबावहून तिची आई धावत आली. ठसठशीत बाई, गाडाभर बोलायची. "पाव्हणं, राग मानू नगा," ती मामांना म्हणाली. "तुमीच त्याला भिवावलंय. संक्रांतीपतूर बगते. तवर पोर रातचं झोपाया लागलं तर ठीक. न्हाईतर मी घेऊन जाते त्याला खुटबावला. माझ्या लेकीची बोटं जायची मला परवडायची न्हाईत."

शंभूशिवाय त्यांच्याजवळ होतं तरी काय. मेंढरं नाहीत, बायको नाही, केंदूरचं घर भावाचं. दिवसभर ते पोर आणि हे, आणि संध्याकाळी त्याच्या निमित्तानं आमची सगळी पिलावळ. पोर गेलं असतं तर मामा उरलेच नसते, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी राखण सुरू केली. मेंढरांचे कळप रानात बसतात तेव्हा राखणदार निजायच्या आधी जाळीभोवती फेरी मारतो आणि पलीकडच्या जाळावरच्या माणसाला हाळी देतो, "हाय का?" तिकडून उत्तर येतं, "हाय." एवढंच. ती हाळी माणसांसाठी असते तशी मेंढरांसाठीही असते. मामांनी लिंबाची एक आखूड काठी तासून शंभूच्या हातात दिली, त्याला खांद्यावर घेतलं आणि जिन्याला वाघर बांधून झाल्यावर गॅलरीतून निघाले. पहिल्या दाराशी थांबून हळू आवाजात म्हणाले, "हाय का?"

आतून कुणाला कळेचना काय म्हणायचं ते. "म्हना, हाय," मामांनी सांगितलं.

"हाय," आतला माणूस म्हणाला.

आमच्या दाराशी आले तेव्हा मीही "हाय" म्हटलं. शहरात वाढलेली बाई मी, आयुष्यात "आहे" सोडून काही म्हटलं नव्हतं. जीभ जरा अडखळली. पण शंभूनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी खरंच आहे याची तो खात्री करून घेत होता. सुनीता तिच्या दारातून म्हणायची, "हम भी हाय, मामा." नाईट शिफ्टला निघालेली पोरं बूट घालता घालता "हाय" म्हणायची. काही दिवसांनी खांद्यावरून शंभूच विचारायला लागला, बारीक, झोपाळू आवाजात, आणि दारादारांतून उत्तरं यायची. लिंबावर पाखरं बसत असायची, कंपनीच्या धुराड्यावरचा लाल दिवा लागत असायचा, आणि गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाय, हाय, हाय असं फिरत जायचं. ओवी माझ्या मांडीवर ते ऐकत असायची. ती कधी झोपली हे मला कितीदा तरी कळलंही नाही.

शंभूही झोपायला लागला, पण मामांच्या खांद्यावर आणि मामा चालत असले तरच. थांबले की डोळे उघडायचा, खाली टेकवलं की किंकाळी. मग मामा चालत राहायचे. गॅलरीतून त्यांच्या वहाणांचा आवाज आम्हाला झोपेतही ऐकू यायचा. त्यांचे पाय सुजले. सकाळी विचारलं तर म्हणायचे, "थंडीनं." वैशाली मात्र पुरती झोप घेऊन कामावर जायला लागली होती आणि भाऊसाहेब हसायला लागला होता. मामा जिंकले, असं सारी चाळ म्हणत होती.

संक्रांतीला खुटबावची आजी तिळगूळ घेऊन आली. संध्याकाळची राखण तिनं डोळ्यांनी पाहिली. मामांच्या खांद्यावर मान टाकून पोर निजलेलं बघून तिला गहिवरून आलं. "झोपतंय की ओ, पाव्हणं," ती म्हणाली. "माझा शब्द मी मागं घेते. ऱ्हाऊ द्या तुमच्यापशीच."

मामा चालायचे थांबले नाहीत. गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले, "न्हाई. घेऊन जा त्याला."

वैशाली रडायलाच लागली. "मामा, असं काय करताय? झोपतोय ना तो आता?"

"ही झोप त्याची न्हाई, पोरी. माझ्या खांद्याची हाय." त्यांनी पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "राखनदार अंगाला लागल्याबिगर जे मेंढरू बसत न्हाई, ते राखनदाराच्या माघारी काय करील? मी आसंपतूर झोपंल. म्होरं? त्याला ऐकून झोपाया यायला पायजे. माझ्याजवळ ऱ्हायला तर ते शिकायचा न्हाई. मला त्याला खाली ठिवायला जमत न्हाई, ही खरी गोष्ट हाय."

मला त्यांचा तेव्हा फार राग आला. इतकं चालून, पाय सुजवून, मिळवलेलं पोर कुणी असं देऊन टाकतं? मी तसं बोललेही. मामा म्हणाले, "ताई, तुमी केळं देता तवा मी बोलतो का?" खरं तर ते नेहमी बोलायचे.

शंभू गेला. आखूड काठी बरोबर गेली, आणि आजीला राखण कशी फिरायची ते मामांनी चारदा समजावून सांगितलं. त्यानंतर काही दिवस मामांनी जिन्याला वाघर बांधली नाही, फेरीही मारली नाही. संध्याकाळी कठड्याशी उभे राहायचे ते उभेच. मग एके दिवशी गोलू आपल्या दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं मोठ्यांदा विचारलं, "मामा, हाय का?"

मामा उत्तर देईनात. गोलूनं पुन्हा विचारलं. ओवीनंही आमच्या दारातून विचारलं, तिला धड बोलताही येत नव्हतं. तेव्हा मामांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हाय, बाबांनो. हाय." आणि काठी घेऊन निघाले. स्वतःच्या खोलीपुढून जाताना मात्र ते काही विचारायचे नाहीत.

खुटबावला ते एकदाही गेले नाहीत. "मी दिसलो की खांदा मागंल," म्हणायचे. पोर झोपतंय, असं वैशाली फोनवरून ऐकून सांगायची. मामा मान हलवायचे, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता हे दिसायचं. फोनवर काय, कुणीही काहीही सांगतं.

उन्हाळ्यात माझी चाकणला बदली झाली. सामान बांधून झालं, ते न्यायला नवऱ्यानं मित्राची गाडी आणून ठेवली होती. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी मामांना म्हटलं, "चला, गाडीनं खुटबावला जाऊन येऊ. लांबूनच बघा. तुम्ही दिसणार नाही असं करू." ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते घोंगडी खांद्यावर टाकून तयारच होते.

न्हावऱ्यावरून आम्ही गेलो, पारगावला भीमा ओलांडली. ओवी मागच्या सीटवर, मामा माझ्या शेजारी, काठी दोन पायांत धरून. खुटबावच्या अलीकडं गुऱ्हाळं लागली. दिवस मावळत होता आणि उकळत्या रसाचा गोड, जड वास सगळ्या शिवारावर पसरला होता. त्या वासात माणसाला असंही पेंगायला होतं. आजीच्या घरामागं चिपाडांची मोठी गंजी होती. तिच्याआड गाडी लावून, झोपलेल्या ओवीला मागच्या सीटवर तशीच ठेवून, मी आणि मामा उतरलो. अंगण तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

शंभू उंच झाला होता. हातात ती आखूड काठी. ती जमिनीवर ओढत तो अंगणात फेरी मारत होता आणि आजी ओसरीवर अंथरूण घालत होती. "आज्जी, हाय का?" "हाय रं." गोठ्यापाशी गेला. "म्हशी, हाय का?" म्हशीच्या वतीनं आजीच म्हणाली, "हाय." असं करत तो कुंपणापाशी आला आणि आमच्या बाजूला तोंड करून, अंधारत चाललेल्या रानाकडं बघून त्यानं विचारलं, "आबा, हाय का?"

मी मामांकडं पाहिलं. त्यांनी चिपाडाचा भारा घट्ट धरला होता. एक शब्द मोठ्यानं निघाला असता तर पोर धावत आलं असतं.

"हाय, हाय," ओसरीवरून आजीनं सांगितलं. "आबाबी हाय. ये आता."

"हाय," मामा म्हणाले. ते मला ऐकू आलं, म्हणजे ओठ हलताना दिसले म्हणून ऐकू आलं.

शंभू फिरला, ओसरीवर गेला, काठी उशाशी ठेवली आणि कुणाच्याही खांद्यावाचून आडवा झाला. आजी त्याच्याकडं पाठ करून तांदूळ निवडत बसली. थोड्या वेळानं तिनं वळून बघितलं आणि पोराच्या अंगावर पांघरूण ओढलं. मामा तिथून हलायला तयार नव्हते. पांघरूण वर-खाली होतंय हे इतक्या लांबून त्यांना कसं दिसत होतं कोण जाणे, पण ते बघत राहिले. मग डोळे पुसले, माझ्यासमोर, काहीही न लपवता, आणि गाडीकडं चालायला लागले.

परतीच्या वाटेवर मी काहीतरी बोलत होते. चाकणचं घर, ओवीची शाळा, असलंच. पारगावच्या पुलावर माझ्या लक्षात आलं, की हुंकार येत नाही. मामांची मान खिडकीला टेकली होती, तोंड जरासं उघडं होतं, बारीक घोरणं ऐकू येत होतं, काठी गुडघ्यांवरून निसटून खाली गेली होती. मी वेग कमी केला. मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न देत पुढं गेले, तरी त्यांना जाग आली नाही.

कारेगावला पोचलो तेव्हा वर गॅलरीत पोरं राखणीची वाट बघत दारात उभी होती. मी गाडी लिंबाखाली लावली, इंजिन बंद केलं, हेडलाइट बंद केले. भाऊसाहेब विचारपूस करायला पुढं आला, त्याला मी हातानंच खूण केली, बारीक. मग सीटवर वळले आणि मामांकडं पाठ करून बसले. वरून गोलूनं हाळी दिली, "मामा, हाय का?"

"हाय," मीच म्हणाले.